पुढची रांग विहीरवाल्यांची

मेळावा पार पडला. एवढं लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि उठून चहा करून आले. अजूनही अंगावरून पोतं उतरवल्यासारखं वाटतंय.

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहितात ते बहुतेक निवृत्त झालेले लोक. मी तिशीही गाठलेली नाही, आणि माझ्या कामात निवृत्ती नसतेच. माणूस एकतर थकतो, नाहीतर गप्प बसतो. मी कुंडलची. पाण्याच्या चळवळीत काम करते. शाळेत निबंधाला कधी बरे गुण पडले नाहीत, पण पत्रक लिहायला मात्र लवकर शिकले. पत्रकाचे कायदे सोपे असतात. मथळा लांबून वाचता आला पाहिजे. दोष कुणाचा ते पहिल्या ओळीत, मागणी शेवटच्या ओळीत, आणि मध्ये कुठंही 'कदाचित' नको. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला 'कदाचित' वाचायला वेळ नसतो.

असल्या बाईला संशोधनाच्या मेळाव्यात कोण बोलावणार? रोहितनं बोलावलं. रोहित शिराळ्याचा, सांगलीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकतो. पाण्यावर अभ्यास करणाऱ्या सातारा-सांगलीतल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच एक मेळावा भरवायचा, असं त्याच्या डोक्यात आलं होतं.

"ताई, सरांनी हॉल दिलाय, बाकी सगळं आमच्या अंगावर. तुम्हाला माणसं जमवता येतात. या की."

"मला जमवता येतात ती घोषणा द्यायला, रोहित."

"मग घोषणा तेवढ्या देऊ नका म्हणून सांगा त्यांना."

बाहेरच्यांसाठी सांगते, की हे काम कसं चालतं. ज्यानं अभ्यास केलाय त्यानं आधी त्याचा पानभर सारांश पाठवायचा. नाव झाकून दोन विद्यार्थी तो वाचतात आणि ठरवतात, हा बोलणार, की ह्याचा तक्ता व्हरांड्यात दोरीला लागणार. बोलणाऱ्याला वेळ बांधून दिलेला असतो. घंटा वाजली की बसायचं. मग समोरचे प्रश्न विचारतात, आणि खरा मेळावा तिथंच सुरू होतो. अभ्यास उभा राहतो तो प्रश्नांत, आणि पडतोही तिथंच.

मी एकच अट घातली. पुढची रांग विहीरवाल्यांची.

याचं कारण माझा राग. पाण्यावरच्या परिषदा मी पुष्कळ पाहिल्यात. शेतकरी फोटोत असतो, प्राध्यापक माइकवर असतो. ज्याच्या विहिरीतलं पाणी बाटलीत भरून नेलं, त्याला त्या पाण्यात काय निघालं हे कधी कुणी सांगायला जात नाही. ही चोरी आहे. मी हे पत्रकात लिहिलंय आणि इथंही लिहिते. म्हणून आमच्याकडं ठरलं, की ज्या गावात अभ्यास झाला त्या गावची माणसं पुढं बसतील, सर लोक मागं, आणि पहिला प्रश्न गावाचा. शाल नाही, श्रीफळ नाही, प्रमुख पाहुणा नाही.

प्रमुख पाहुणा नाही म्हटल्यावर लोकांना काय काय होतं ते मी त्या महिन्यात बघितलं. एका पुढाऱ्याचे स्वीय सहायक रोज फोन करायचे. "साहेब नुसती समई लावतील आणि जातील." मी म्हटलं, "समईच नाही." तर म्हणाले, "आम्ही घेऊन येतो!" दुसरे एक आण्णा. हे पाणाड्या. हातात नारळ आडवा धरून रानातून चालतात आणि नारळ उभा राहिला की तिथं पाणी आहे म्हणून सांगतात. त्यांनी रीतसर सारांश पाठवला. सुवाच्य अक्षरात, पानभर. नाव झाकलेलं असल्यामुळं वाचणाऱ्या मुलींनी त्यावर शेरा मारला, 'पद्धत स्पष्ट आहे. कोरड्या निघालेल्या जागांची माहिती द्यावी.' आण्णांनी ती कधीच दिली नाही. पण मेळाव्याला आले, आणि सगळ्यांत जास्त प्रश्न त्यांनीच विचारले.

कॉलेजमधले दोन-तीन सर मात्र वाटच बघत होते. "पोरांचा खेळ आहे, होऊ द्या," असं चहाच्या टपरीवर बोलायचे, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्या सगळ्यांना तोंडावर मारावा असा आमच्याकडं एकच अभ्यास होता. अश्विनीचा.

अश्विनी साताऱ्याची. शेवटच्या वर्षाला. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात, डोंगराच्या पायथ्याला, तिनं विहिरींची पातळी मोजली होती. गावाचं नाव लिहीत नाही. पुढं वाचाल तर का ते कळेल. तिथं ओढ्यावर एक जुना बंधारा आहे, गाळानं भरलेला. गावानं श्रमदानानं गाळ काढला. अश्विनीचा प्रश्न एवढाच होता, की गाळ काढल्यानं विहिरींना पाणी वाढलं का? गाळ काढायच्या आधीपासून ती मोजत होती, आणि नंतरही मोजत राहिली. ऊन असो, पाऊस असो, साताऱ्याहून सकाळची पहिली यष्टी धरायची आणि त्याच विहिरींवर जायचं. काठाच्या दगडावर रंगाची खूण केलेली. तिथून वजन बांधलेली टेप खाली सोडायची, 'टप्प' असा आवाज आला की थांबायचं, आकडा वाचायचा. इतकं साधं काम, आणि इतकं कंटाळवाणं. पण उत्तर आलं ते झकास. गाळ काढल्यानंतर विहिरींना जवळजवळ परसभर पाणी वाढलं होतं. परस म्हणजे आपल्याकडचं विहिरीचं माप, हात वर करून उभा राहिलेला माणूस.

पुण्याहून एक मॅडम येणार होत्या. भूजलात आयुष्य काढलेल्या. त्यांच्याकडं पुढच्या संशोधनासाठी एक जागा होती आणि अश्विनीनं अर्ज केला होता. "तुझा अभ्यास मेळाव्यात ऐकेन आणि मग सांगेन," असं त्यांनी तिला कळवलेलं. म्हणजे अश्विनीचं पुढचं सगळं त्या एका भाषणावर टांगलेलं होतं. घरी तिच्या आईनं "हे झालं की नोकरीचं बघ" म्हणून सांगून ठेवलं होतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी गावकरी जीप करून आले. पुढं तात्या. तात्या म्हणजे सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा अजून नोकरीवर असलेल्या. गावातल्या बहुतेक विहिरी त्यांच्या भावकीच्या, आणि भावकी त्यांच्या शब्दात. त्यांचा एक चुलतभाऊ बाबू मात्र जीपमध्ये नव्हता. तो यष्टीनं वेगळा आला आणि पुढच्या रांगेत दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. दोघांचं बोलणं नाही. बांधावरनं बंद झालेलं. पण विहीर त्याचीही मोजलेली, म्हणून पहिल्या रांगेचा हक्क त्याचाही.

अश्विनी आणि मी तात्यांना चहा द्यायला गेलो. तात्या खुशीत होते.

"काय गं पोरी, आमच्या हिरींनी नाक राखलं का न्हाई तुझं?"

"राखलं तात्या. परसभर वाढलंय पाणी."

"वाढंल न्हाई तर! आवं ताई," तात्या माझ्याकडं वळले, "ही येनार म्हटलं की आदल्या सांजंपासनं आमी सगळ्या मोटारी बंद ठेवतो. पावनी येनार, आन तिला खाली हीर दावायची व्हय?"

मला चटकन कळलं नाही. अश्विनीला कळलं. तिनं हातातला कप तसाच खाली ठेवला.

न कळणाऱ्यांसाठी सांगते. मोटार चालू असली की विहीर उपसते, पातळी खाली जाते. रातभर बंद ठेवली की झरे भरून काढतात, पातळी वर येते. एकदा चालू असताना मोजलं आणि एकदा बंद असताना, तर वाढ दिसणारच. ती बंधाऱ्यामुळं नाही. पाहुणचारामुळं.

"तात्या," अश्विनी कसंबसं म्हणाली, "मी दर वेळी विचारलं होतं. मोटार रोजच्यासारखीच चालली ना? तुम्ही व्हय म्हणाला."

"मग काय सांगायचं? पावन्याला कुनी सांगतं व्हय, तुझ्यासाठनं केलं म्हणून? शोभतं का ते?"

"मग आज का सांगितलं?" मी ओरडलेच.

"आज आमी पावनं हाय. आज सांगाय काय हरकत?" तात्या माझ्या तोंडाकडं बघून जरा चपापले. "का? आमी काय वंगाळ केलं का?"

मला त्या क्षणी हवालदाराच्या मिशा उपटाव्याशा वाटल्या. आणि रागवायचं कुणावर? एरवी पहिल्या ओळीत मी दोष लिहून मोकळी होते. इथं सगळ्या गावानं आपली पिकं तहानेली ठेवून एका पोरीचा मान राखला होता, आणि त्याच मानानं तिचा अभ्यास बुडवला होता. ह्याचं पत्रक कसं लिहायचं?

रोहित धावत आला. त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो मटकन पायरीवर बसला.

"तिचं नाव काढून टाकू. बरं नाही म्हणून सांगू."

"आणि मॅडम?"

"मग काय उभं राहून स्वतःच सांगायचं, की माझं सगळं चुकलंय? मागं सर लोक बसलेत ओ ताई. टाळ्या वाजवतील."

आम्ही दोघं असं भांडत असताना अश्विनी मात्र तात्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती. रडत नव्हती. ती मोजमाप करायला लागली होती.

"तात्या, मी पहिल्यांदा आले, तेव्हापासून मोटारी बंद?"

"पयल्यांदी कुठली! तवा तू कोन, कुठली, काय म्हाईत? भावकीतल्या दामूनं कुत्रं सोडलं हुतं तुझ्यावर."

"मग कधीपासून?"

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "नागपंचमीला तू आलीस, आन आमच्या कारभारनीच्या हातची दिंडं खाल्लीस. घरातलं खाल्लंस म्हंजी तू पावनी झालीस. तवापासनं."

ती नागपंचमी गाळ काढल्यानंतरची, पहिल्याच पावसातली. म्हणजे आधीचे सगळे आकडे मोटार चालू असतानाचे आणि नंतरचे बंद असतानाचे. बरोब्बर बंधाऱ्याच्या तोंडावर कापलेले. एखाद्यानं ठरवून वाटोळं करायचं म्हटलं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

"सगळ्यांनी बंद ठेवल्या?" अश्विनीनं विचारलं.

"सगळ्यांनी. माझा हुकूम म्हंजी हुकूम." मग तात्यांनी मानेनंच रांगेच्या दुसऱ्या टोकाकडं दाखवलं. "त्यो सोडून. त्यो माझं कवा ऐकतोय?"

अश्विनी उठून उभी राहिली. मला म्हणाली, "ताई, बाबूकाकांच्या विहिरीच्या आकड्यांत उडी नव्हती. बाकी सगळ्यांची पातळी नागपंचमीला एकदम वर गेलीय, त्यांची नाही. मला वाटायचं तिथला खडक वेगळा असेल." आणि घंटा वाजली. तिचंच नाव पुकारलं होतं.

त्यानंतरचं सगळं मी दाराला टेकून ऐकलं. बसवत नव्हतं. अश्विनी माइकवर गेली, आणि तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, "माझ्या सारांशातला निष्कर्ष मी मागं घेते आहे. कारण मला आज सकाळी कळलं." मग मोटारींची गोष्ट सांगितली. हॉलमध्ये हसू फुटलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "दिंडं भोवली!" तात्या हसले नाहीत. आपण काहीतरी मोडलंय एवढं त्यांना कळलं होतं, आणि ते परेडला उभं असल्यासारखे ताठ बसले होते.

"म्हणजे तुझ्याकडं आता काहीच उरलं नाही," पहिला प्रश्न गावाचा हा नियम विसरून पुण्याच्या मॅडम म्हणाल्या. रागानं नाही, विचारून बघावं तसं.

"एक विहीर उरली. तिथली मोटार आधीही वीज आली की चालायची आणि नंतरही, माझी वाट न बघता. तिथले आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. पाऊस दोन्ही वर्षी साधारण सारखाच झाला. तिथं वाढ आहे. परसभर नाही, वीतभर."

"त्या मालकानं तुझ्यासाठी मोटार कधीच बंद केली नाही, हे तुला कसं माहीत?"

"मालक इथं बसलेत," अश्विनी म्हणाली. "बाबूकाका, मी येणार म्हणून तुम्ही कधी मोटार बंद ठेवली होती का?"

सगळा हॉल बाबूकडं वळला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा प्रश्न किती भयंकर आहे. भरल्या सभेत, चुलतभावासमोर, साऱ्या भावकीसमोर त्या माणसाला विचारलं होतं, की घरी आलेल्या पोरीचा मान तू राखलास का? आमच्याकडचा कुठलाही माणूस म्हणाला असता, "राखला की!" न राखलेला असला तरी. आणि बाबू तसं म्हणाला, की अश्विनीची शेवटची विहीरही गेली.

बाबू उभा राहिला. टोपी काढली, परत घातली. तात्यांकडं एकदा बघितलं. तात्या समोर बघत होते.

मी दाराची कडी घट्ट धरली होती.

"न्हाई," बाबू म्हणाला. "खोटं कशापायी बोलू? हिच्यासाठनं एक घडी बी बंद केली न्हाई. माझी लाईट, माझी पाळी, माझं पानी. मी कशापायी बंद करू?"

हॉल हसला, टाळ्या पडल्या. बाबू कान लाल करून खाली बसला. मी कडी सोडली, तर बोटांवर तिचे वळ उठले होते.

मॅडम बराच वेळ प्रश्न विचारत राहिल्या. एका विहिरीवरून सगळ्या गावाचं सांगता येईल का? नाही येणार, अश्विनी म्हणाली. मग पुढं काय करशील? पुढची सगळी वर्षं मोजत राहीन. नागपंचमीनंतरचे आकडे आपसात ताडता येतील, बाबूकाकांचे सगळेच. घंटा वाजवायची असते हे रोहित विसरला होता. शेवटी मॅडम पुढच्या रांगेकडं वळून म्हणाल्या, "आता एक कृपा करा. हवालदारसाहेब, तुम्ही बंद ठेवत आलात, बंदच ठेवा. बाबूराव, तुम्ही चालू ठेवत आलात, चालूच ठेवा. हिचं मोजून होईपर्यंत कुणीही आपली सवय बदलायची नाही."

आण्णा पाणाड्यांनी विचारलं, "म्हंजी भांडन चालू ठेवायचं?"

"मोटारीपुरतं," मॅडम म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अश्विनीला व्हरांड्यात गाठलं. मी जवळच होते, पण मुद्दाम तक्ते बघत राहिले. त्या म्हणाल्या, "जूनमध्ये ये. येताना ती एक विहीर नीट लिहून आण, आणि बाकीच्या का टाकल्या तेही." एवढंच. अश्विनीनं मान हलवली, माझ्यापर्यंत चालत आली, आणि मग तिथंच पायरीवर बसली. मी तिला पाणी पाजलं. मागच्या रांगेतले एक सर जवळून गेले. थांबले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना; बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे आहेत.

बाबू कुठं दिसेना. बाहेर गेटाशी उभा होता. तिथं हात केला की साताऱ्याची यष्टी थांबते.

"जेवला नाहीत?" मी विचारलं.

"भूक न्हाई." मग जरा वेळानं, "पोरगी पास झाली का?"

"झाली."

"माझ्या हिरीमुळं म्हनत्यात?"

"तुमच्याच विहिरीमुळं. आणि तुम्ही खरं बोललात म्हणून."

त्यानं रस्त्याकडं बघितलं. यष्टी आली. त्यानं हात केला नाही. ती गेली.

"ताई," बाबू म्हणाला, "हे तेवढं हवालदाराच्या देखत एकदा बोला की."

माझं निम्मं आयुष्य माइकवर गेलंय, पण इतकं आनंदानं मी कधी काही जाहीर केलं नसेल. आत पंगतीत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की अश्विनीचा अभ्यास वाचला तो बाबूरावांच्या विहिरीमुळं. तात्यांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, "त्येला म्हनावं, पानं वाढल्यात. आन जाताना जीपमधी जागा हाय."

मी निरोप द्यायला वळले, तोवर तात्या स्वतःच उठून गेटाकडं निघाले होते. खिडकीतून दिसत होतं. दोघं समोरासमोर उभे राहिले, एक हात मागं बांधून, दुसरा टोपीशी चाळा करत. मग दोघांची तोंडं हलायला लागली.

पायरीवरची अश्विनी ताडकन उठून खिडकीशी आली.

"ताई, पळा," ती म्हणाली. "त्यांना काय हवं ते बोलू दे, मोटारीचं तेवढं बोलू देऊ नका!"